शंभरातले एकशे सत्त्याहत्तर

"ऐका हो मंडळी, ही बेकरी कुठे आहे तेवढं कुणीतरी शोधून काढा!" रेडिओसरांनी हातातली उत्तरपत्रिका उंच धरली. "शंभर पाव भाजले आणि त्यातले एकशे सत्त्याहत्तर बरोबर वजनाचे निघाले. मी तर म्हणतो, नोकरी सोडावी आणि तिथेच भागीदारी घ्यावी."

दालनात हशा पिकला. सकाळपासून मान खाली घालून पेपर तपासणाऱ्या माणसांना हसायला निमित्तच हवं असतं. रेडिओसर ते पुरवत असत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. एकदा सुरू झाले की त्यांना बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून ते रेडिओसर.

प्रश्न तसा साधा होता. एका बेकरीतल्या पावाचं सरासरी वजन चारशे ग्रॅम, प्रमाण विचलन दहा ग्रॅम. हाताला येईल तो पाव तीनशे नव्वद ते चारशे पंधरा ग्रॅमच्या दरम्यान असण्याची संभाव्यता किती? आता संभाव्यता म्हणजे शून्यापासून एकापर्यंतची गोष्ट. शून्य म्हणजे कधीच नाही, एक म्हणजे हमखास. एकाच्या पुढे रस्ताच नाही. आणि या पोराने लिहिलं होतं, एक पूर्णांक सात सात चार पाच.

शेजारी बसलेल्या बाईही हसल्या. जरा मोठ्यानेच हसल्या, कारण हा त्यांचा हातखंडा विषय. डोळे पुसत त्यांनी आपल्या गठ्ठ्यातला पुढचा पेपर ओढला आणि तोच प्रश्न उघडला. तिथेही एक पूर्णांक सात सात चार पाच. आणि वरच्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "उणे चिन्ह पुसले. दोन बाजू म्हणून बेरीज."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. ते वाक्य पुस्तकातलं नव्हतं. ते वाक्य बाईंचं होतं.

सगळ्या नोकरीत त्यांनी या एका धड्यावर नाव कमावलं होतं. प्रसामान्य वितरणाचं कोष्टक, मुलं ज्याला टेबल म्हणतात, ते बाईंना तोंडपाठ होतं. शिक्षकांच्या खोलीत कुणी सहज म्हणावं, "बाई, एक पूर्णांक तीन सात?" आणि चहाचा घोट न थांबवता बाईंनी सांगावं, "शून्य पूर्णांक चार एक चार सात." लोक पुस्तक उघडून ताडून बघत आणि कपाळाला हात लावत. मुलं त्यांना पाठीमागे टेबलबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. कुणी साडी मिरवतं, कुणी जावई. बाई चार आकडी दशांश मिरवत.

मुलांसाठी त्यांनी नियमही असे सोपे करून ठेवले होते की झोपेतसुद्धा म्हणता यावेत. उणे चिन्ह पुसा. टेबल बघा. दोन बाजू म्हणून बेरीज, एक बाजू म्हणून वजाबाकी. संपलं. का, कशासाठी, असल्या फंदात पडायचं नाही. का विचारण्यात वेळ जातो आणि परीक्षा घड्याळावर चालते, असं त्या म्हणायच्या. मुलं पास होत होती, मग तक्रार कोण करणार?

बाईंनी टेबलाच्या कोपऱ्यावर पडलेला जोडपत्रांचा संच उचलला. आदर्श उत्तरांसोबत परीक्षेत दिलेलं कोष्टकही प्रत्येक तपासनिसाला मिळालं होतं. बाईंनी ते उघडलंच नव्हतं. ज्याला सगळं पाठ आहे त्याने कशाला उघडावं? आता उघडलं. एकासमोर शून्य पूर्णांक आठ चार एक तीन. दीडासमोर शून्य पूर्णांक नऊ तीन तीन दोन. बाईंच्या पाठांतरात तिथे तीन चार एक तीन आणि चार तीन तीन दोन होतं.

कोष्टक बदललं होतं. एखाद्या सरळ रस्त्यावरच्या दुकानांची अंतरं मधल्या चौकापासून मोजावीत, तसं बाईंचं जुनं कोष्टक घंटेच्या आकाराच्या त्या वक्राच्या मध्यापासून मोजत असे. चौकाच्या दोन बाजूंना दोन दुकानं असली की अंतरांची बेरीज केली, झालं काम. हे नवीन कोष्टक मात्र रस्त्याच्या डाव्या टोकापासून मोजणारं होतं. इथे दुकानं कुठेही असोत, वजाबाकीच करायची. उणे चिन्हही पुसायचं नाही. बाईंचा बेरजेचा नियम या कोष्टकाला लावला की उत्तर दर वेळी बरोबर एकाने वाढणार. शंभर पावांचे एकशे सत्त्याहत्तर होणार.

नवीन कोष्टकाचं परिपत्रक आलं होतं, हेही बाईंना आता आठवलं. शिक्षकांच्या खोलीत शिपायाने ते सगळ्यांसमोर फिरवलं होतं. बाई तेव्हा कुणाला तरी दशांश म्हणून दाखवत होत्या. "काय आहे?" असं विचारून त्यांनी, वाचले, या शब्दाखाली सही ठोकली होती.

खाली बघून त्या एकेक पेपर उलटू लागल्या. काही मुलांनी वजाबाकी केली होती, ती दुसऱ्या शिक्षकांची. पण अधूनमधून तेच वाक्य, तीच बेरीज, तेच विश्वासाने चौकटीत टाकलेलं उत्तर. पोरांनी बाईंचा शब्द खाली पडू दिला नव्हता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारच्या सुमाराला प्रमुख परीक्षक दालनाच्या मध्यभागी येऊन उभे राहिले. हळू बोलणारा माणूस होता. आवाज चढवायची सवय नसल्यामुळे लोक त्यांचं आपोआप ऐकत.

"ही एकापेक्षा जास्तवाली उत्तरं बऱ्याच गठ्ठ्यांत दिसतायत," ते म्हणाले. "सगळ्यांची पद्धत एकच आहे. म्हणजे मुलांनी मनाने केलेलं नाही, कुठेतरी तसंच शिकवलं गेलंय. त्या शिक्षकाने पुढे येऊन सांगितलं तर मला वरती कळवता येईल. मुलांना पायऱ्यांचे गुण तरी देऊ. नाहीतर नियमाप्रमाणे शून्य. कुणाच्या कॉलेजचं आहे, काही अंदाज?"

"कोण सांगेल सर?" रेडिओसर म्हणाले. "आपल्या हाताने आपल्याच तोंडाला काळं फासून घ्यायला कुणाला वेळ आहे?"

पुन्हा हशा. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. म्हणावं, मी. एका अक्षराचं काम. पण समोरच्या रांगेत त्यांना मान देणारे तरुण शिक्षक बसले होते, त्यांतल्या दोघांना त्यांनी स्वतः शिकवलं होतं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. निरोपाच्या भाषणात लोक काय बोलतील याची बाईंनी मनातल्या मनात उजळणीही केली होती. त्या भाषणात ही बेकरी शिरली तर? प्रमुख थोडा वेळ थांबले आणि आपल्या जागेवर गेले. बाईंनी समोरच्या पेपरवर शून्य घातलं.

थोड्या वेळाने रेडिओसरांनी शेजारून एक उत्तरपत्रिका सरकवली. "बाई, ही बघा गंमत. पायऱ्या सगळ्या चुकीच्या, बेरीजच केलीय. उत्तर आलं एक पूर्णांक सात सात चार पाच. मग पुढचा एक खोडला, वर शून्य घातलं, झालं उत्तर बरोबर! आणि वर मखलाशी काय, तर 'एकापेक्षा जास्त असू शकत नाही.' सरळ सरळ शेजारच्याचं बघून खोडलंय. कॉपीचा अहवाल लावतो. दुसऱ्या तपासनिसाची सही लागते, तुम्ही ज्येष्ठ आहात."

बाईंना तो प्रश्न, ते उत्तर, ती बेरीज काही काही डोळ्यांसमोर नको होतं. "हो, कॉपीच असणार," असं म्हणून त्यांनी अहवालावर सहीची जागा तेवढी शोधली आणि सही केली. पेपरकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान गॅलरीत बसून रेडिओ दुरुस्त करत होते आणि भाची स्वयंपाकघरात कुकर लावत होती. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. मागच्या वर्षी ती याच विषयात नापास झाली. बहीण म्हणाली होती, "ताई, एक वर्ष तुझ्याकडे ठेव. तुझ्या हाताखाली तरली तर तरली, नाहीतर पुरे झालं शिक्षण. दुकानात गल्ल्यावर बसवते." पोरगी मुकाट्याने राहायला आली. वर्षभर कुणाशी डोळ्याला डोळा न भिडवता अभ्यास केला. तपासणीचं काम देताना बाईंना लेखी विचारलं गेलं होतं, तुमचं मूल परीक्षेला बसलंय का? बाईंना मूलबाळ नव्हतं. नाही, म्हणाल्या होत्या, आणि ते खोटं नव्हतं.

"काय गं, चेहरा का उतरलाय?" यजमानांनी विचारलं. "कुणी बरोबर उत्तर लिहिलं की काय?"

"अहो, गप्प बसा ना जरा," बाई म्हणाल्या. एरवी त्या हसल्या असत्या.

झालेल्या पेपराविषयी बोलायचं नाही, असा बाईंनीच या घरात नियम केला होता. भाचीने तो काटेकोर पाळला होता. पण आज मावशी पेपर तपासून आली होती आणि पोरीला राहवेना. जेवताना तिने हळूच विचारलं, "मावशी, तो पावांचा प्रश्न कसा आला मुलांना?"

"बरा," बाई म्हणाल्या.

"मला आधी चुकलाच वाटला. आपला नियम लावला, दोन बाजू म्हणून बेरीज, तर उत्तर एकाच्या वर गेलं. घामच फुटला. परत केलं, तरी तेच. मग मला आठवलं, तूच म्हणतेस ना, संभाव्यता एकाच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे तो एक कुठून तरी उगाच आलाय. मग मी तो खोडला आणि शून्य लिहिलं. शेजारी कारणही लिहिलं. बरोबर ना?"

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"काय कारण लिहिलंस?"

"हेच की एकापेक्षा जास्त असू शकत नाही. का? चुकलं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे."

पोरीचा चेहरा असा उजळला की बाईंना तिकडे बघवेना. "काका, ऐकलंत? बरोबर आहे!" यजमानांनी खुर्चीत बसल्या बसल्या नाटकातल्यासारखी मान झुकवली. बाई पाणी आणायच्या निमित्ताने उठल्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. वर्गातल्या सगळ्या मुलांनी डोळे मिटून त्यांचं ऐकलं. एकटी ही, जिला सगळे ढ म्हणत होते, तिने डोळे उघडे ठेवून विचार केला. आणि तिलाच त्यांनी चोर ठरवलं. कॉपी सिद्ध झाली की सगळी परीक्षा रद्द, पुढच्या वर्षी बसायलाही बंदी. त्या अहवालावर बाईंची झोकदार, वळणदार सही होती.

सकाळी भाची अंथरुणाच्या घड्या घालत होती. बाई तिच्यासमोर येऊन बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी खूपदा मनात जुळवलं होतं, तरी तोंडातून तुटकच आलं.

"काल मी तुला अर्धंच सांगितलं. परीक्षेत टेबल वेगळं होतं. नवीन. मी ते बघितलंच नव्हतं, जुनंच शिकवलं. तुमची कुणाचीच चूक नाही. तुझा पेपर आमच्याच खोलीत होता. एकजण म्हणाले, हिने कॉपी केली. आणि मी सही केली."

"माझ्या पेपरवर?"

"न बघता."

भाचीने हातातली चादर खाली ठेवली. ती रडेल असं बाईंना वाटलं होतं. ती रडली नाही. "मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "बेरीज का करायची, म्हणून. तू म्हणालीस, का विचारणारे नापास होतात."

"म्हणाले होते."

"मग मला वाटलं, मी म्हणूनच नापास झाले."

बाहेर यजमान दुधाची पिशवी घेऊन दाराशी आले होते, ते तसेच चपला न काढता उभे राहिले.

"आता तिथे जाऊन सांगशील?" भाचीने विचारलं.

"सांगायला हवं."

"मग थांबलीस का? लाज वाटते?"

"हो गं," बाई म्हणाल्या. "फार."

"मला वर्षभर वाटतेय," भाची म्हणाली, आणि चादरीची राहिलेली घडी घालू लागली.

प्रमुख परीक्षक दालनात आले तेव्हा बाई आपल्या जागेवर न बसता त्यांच्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी हळू आवाजात सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण प्रमुखांना पहिलं वाक्य नीट ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?" असं त्यांनी विचारलं आणि बाईंना तेच मोठ्याने म्हणावं लागलं.

"ती बेरीज मी शिकवली. जुन्या टेबलावरून. परिपत्रकावर न वाचता सही केली. आणि काल तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसले."

खुर्च्यांचे आवाज थांबले. रेडिओसर चहाचा कप ओठांशी धरून तसेच राहिले.

"आणखी आहे," बाई म्हणाल्या. आता थांबल्या असत्या तर पुन्हा बोलता आलं नसतं. "एक खोडलेला जो पेपर आहे, ज्याचा अहवाल लावलाय, तो माझ्या बहिणीच्या मुलीचा आहे. तिने कॉपी केली नाही. माझा नियम लावला आणि उत्तर अशक्य आलं म्हणून तो एक स्वतःच्या डोक्याने काढला. ती माझी भाची नसती तरी मी हेच सांगितलं असतं असं म्हणायला मला तोंड नाही. काल तिचा पेपर आहे हे माहीत नव्हतं, तेव्हा मी सही करून मोकळी झाले होते."

प्रमुखांनी खण उघडून तो अहवाल काढला. दुपारच्या टपालात तो जायचा होता. त्यांनी तो वाचला, मग उत्तरपत्रिका मागवून तीही वाचली, बराच वेळ. "हिला कळलंय," ते स्वतःशीच म्हणाले. अहवालावर आडवी रेघ मारून त्यांनी खाली सही केली आणि तो रेडिओसरांकडे धरला. रेडिओसर उठून आले आणि त्यांनीही सही केली.

"बाई, नात्यातलं कुणी परीक्षेला आहे म्हटल्यावर मला तुम्हाला तपासणीवरून दूर करावं लागेल," प्रमुख म्हणाले. "आणि कॉलेजलाही कळवावं लागेल. शिकवण्याचं, सहीचं, सगळंच. खुलासा मागतील."

"मागू देत."

"बाकीच्या मुलांचं बघायला हवं. तुम्ही वर्गात नक्की कसं सांगता ते शब्दशः सांगा. त्यावरून पेपर ओळखता येतील."

बाई दालनाकडे वळल्या. वर्षानुवर्षं त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या, पण असं उभं राहणं त्यांना ठाऊक नव्हतं. पदर सावरायला वर गेलेला हात त्यांनी खाली घेतला.

"उणे चिन्ह पुसा," त्या म्हणाल्या. "टेबल बघा. दोन बाजू म्हणून बेरीज. एक बाजू म्हणून वजाबाकी."

कुणी हसलं नाही. गठ्ठ्यांच्या दोऱ्या सुटू लागल्या, पानं उलटण्याचा आवाज दालनभर पसरला. मग खिडकीजवळच्या एका तरुण शिक्षकाने हात वर केला, बाईंचाच जुना विद्यार्थी. "माझ्याकडे एक आहे, बाई." त्याच्या मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "इथे दोन." पलीकडे आणखी एक हात वर झाला, मग दाराजवळ एक. प्रत्येक हातामागे बाईंना वर्गातला कुठला ना कुठला बाक दिसत होता. रेडिओसर आपल्या गठ्ठ्यातून एकेक पेपर काढून बाजूला ठेवत होते. बाजूचा ढीग वाढत गेला तेव्हा त्यांनी मान वर न करता नुसताच हात वर केला.

"बसा बाई," प्रमुखांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. "वेळ लागेल."

"सगळे सापडू देत आधी," बाई म्हणाल्या, आणि वर होणाऱ्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.